पंख्याला विजेचे स्टार देता, मग दुरुस्तीचेही द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात वीजबिल कमी करायच्या टिप्स आल्या होत्या, त्यात पहिलीच टीप होती की जुने पंखे काढा आणि बीएलडीसी पंखे लावा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्डावर चालणाऱ्या, कमी वीज खाणाऱ्या मोटारीचे पंखे. टीप बरोबर आहे, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण माझं कराडला मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटारीत नवीन तार भरून द्यायचं दुकान आहे, पंखे, मिक्सर, पाणबुडी मोटारी, वॉशिंग मशीनच्या मोटारी असलं सगळं येतं, आणि त्या टिपेत जे नव्हतं ते माझ्या टेबलावर रोज येऊन पडतंय, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय. कापायचं तर कापा, फक्त पीसीबीचा, म्हणजे पंख्यातल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाचा भाग तेवढा ठेवा.

आधी बीएलडीसीची बाजू सांगतो, नाहीतर लोक म्हणतील रिवाइंडिंगवाल्याचा धंदा बसला म्हणून हा रडतोय. साधा सीलिंग पंखा फुल स्पीडला ७०-७५ वॅट खातो, बीएलडीसी २८ ते ३५ मध्ये भागवतो. दिवसाला १२ तास आणि वर्षातले ३०० दिवस चालला असं धरा, एका पंख्यामागे साधारण दीडशे युनिट वाचतात, युनिटला ८ रुपये धरले तरी वर्षाला बाराशेच्या आसपास रुपये झाले. इन्व्हर्टरवर जास्त वेळ चालतो, रेग्युलेटर लागत नाही, मोटार फार तापत नाही. जानेवारी २०२३ पासून पंख्यावर ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी या सरकारी संस्थेचं, वीज किती वाचते ते सांगणारं स्टार लेबल सक्तीचं झालं, तेव्हापासून गिऱ्हाईक दुकानात गेलं की आधी स्टार मोजतं. चांगलंच आहे ना. माझ्या स्वतःच्या घरात पण हॉलमध्ये बीएलडीसीच आहे.

पंचाईत होते ती पंखा बंद पडल्यावर.

जुना पंखा बंद पडला की त्यात काय काय झालेलं असू शकतं हे आमच्या दुकानातल्या नव्या पोराला पण महिन्याभरात कळतं. हळू फिरतोय, हाताने ढकलल्यावर सुरू होतोय, म्हणजे कपॅसिटर गेला, २.५ एमएफडीचा कपॅसिटर कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, शंभराच्या आत काम होतं. घरघर आवाज येतोय म्हणजे बेअरिंग, ६२०१ नाहीतर ६२०२ नंबर, कंपनी कुठलीही असो, नंबर तोच. वाइंडिंग जळलं तर जुनी तार काढायची, स्लॉटमध्ये नवीन पेपर घालायचा, रनिंगच्या आणि स्टार्टिंगच्या कॉइल भरायच्या, कनेक्शन करून वार्निश मारायचं, वाळलं की पंखा परत छताला. काढलेली तार वजनावर भंगारात जाते आणि ते तांबं परत वितळून कुठल्यातरी तारेतच येतं. यातलं एकही काम करायला कंपनीला फोन लावावा लागत नाही. हा पंखा कुणी पर्यावरणाचा विचार करून बनवला होता असं काही नाही हो, तेव्हा हे सस्टेनेबल वगैरे कुणाच्या डोक्यातच नव्हतं, स्क्रू आणि नट-बोल्टने बनवायची पद्धत होती म्हणून तो उघडतो, आणि ठरलेल्या मापाचे पार्ट होते म्हणून ते गावात मिळतात, एवढीच गोष्ट आहे. पण या एवढ्याशा गोष्टीवर चाळीस-चाळीस वर्षं पंखे चाललेत.

आता बीएलडीसी उघडू. मोटार म्हणून बघितली तर ती जुन्यापेक्षा साधी आहे, स्टेटरला, म्हणजे न फिरणाऱ्या भागाला कॉइल आणि बाहेरच्या भागाला आतून चिकटवलेली मॅग्नेट, कपॅसिटर नाही, स्टार्टिंग वाइंडिंग नाही. आमच्याकडे येणाऱ्या बंद बीएलडीसींमध्ये मोटार बहुतेक वेळा ठणठणीत असते, गेलेला असतो तो पीसीबी. घरातला एसी करंट घेऊन त्याचा डीसी करायचा आणि तो तीन तारांतून बरोबर वेळेला मोटारला द्यायचा हे त्या बोर्डाचं काम. त्याच्यावर येणाऱ्या लाइनला एक छोटी गोल चकती असते, एमओव्ही म्हणतात, व्होल्टेज अचानक वाढलं की ती स्वतः जळते आणि पुढचं वाचवायला बघते, दहा-पंधरा रुपयांचा पार्ट. एक फ्यूज, एक मोठा फिल्टर कपॅसिटर जो उष्णतेने वर्षागणिक सुकत जातो, आणि मोटारला करंट देणारे मॉसफेट. पंखा बंद म्हणजे दहातले आठ वेळा यातलंच काहीतरी गेलेलं. सोल्डरिंग गन आणि मीटर असलेला माणूस अर्ध्या तासात बदलू शकतो.

बदलू शकतो, पण पार्ट दिसला तर. कॅनोपी, म्हणजे पंख्याच्या दांड्यावरची वाटी खोलली की बऱ्याच पंख्यांत आत बोर्ड दिसतच नाही, दिसतो एक काळा ठोकळा. पूर्ण बोर्ड रेझिनमध्ये, म्हणजे वाळून दगडासारख्या होणाऱ्या गोंदात बुडवून घट्ट केलेला असतो, त्यातून नुसत्या तारा बाहेर आलेल्या. फरशीखाली पुरलेल्या पाइपची गळती शोधायची म्हणजे जी गत होते ती इथे होते, पाइप सापडेपर्यंत फरशीचा सत्यानाश. रेझिन गरम करून, खरवडून बघितलं तर निम्मे पार्ट रेझिनबरोबरच उपटून येतात. काही कंपन्यांचे बोर्ड मोकळे असतात हे पण सांगितलं पाहिजे, ते आम्ही दुरुस्त करतो आणि ते चालतात, म्हणजे रेझिनशिवाय पंखा होतच नाही असं काही नाहीये.

पाटण तालुक्यातल्या एका वाडीवर गेल्या पावसाळ्यात झाड पडून लाइनचा न्यूट्रल तुटला. न्यूट्रल तुटला की काही घरांत व्होल्टेज २३० वरून चढत चढत चारशेच्या घरात जातं, ग्रामीण भागात राहणाऱ्यांना हे नवीन नाही. त्या वाडीवरनं टेम्पोत घालून पंखे आले. जुन्या पंख्यांचं पण वाइंडिंग जळलं होतं, खोटं कशाला बोलू, पण ते तार भरून त्याच आठवड्यात परत गेले. बीएलडीसी जे होते त्यांची मोटार चेक केली, तिन्ही कॉइलचा रेझिस्टन्स सारखा, मॅग्नेट चांगले, बेअरिंग नव्यासारखे, आणि बोर्ड काळ्या ठोकळ्यात. कस्टमर केअरला फोन लावला तर एका कंपनीने सांगितलं की ते मॉडेल बंद झालं, त्याचा बोर्ड आता येत नाही, दुसरीने बोर्डची किंमत सांगितली ती नव्या पंख्याच्या निम्म्याच्या आसपास, वर यायचा-जायचा व्हिजिट चार्ज वेगळा, आणि माणूस येणार कोल्हापूरहून. नावं लिहीत नाही, कारण हा एकदोन कंपन्यांचा प्रश्न नाही. तर त्या वाडीतल्या एका आजीने काय केलं, म्हणाली ते वीज वाचवणारं राहू दे, मला जुनाच एखादा रिपेर केलेला पंखा दे स्वस्तात. दिला. म्हणजे बघा, ५ स्टार पंखा चार वर्षांत भंगारात, आणि त्याच्या जागी परत ७५ वॅटचा. वीज वाचवायची म्हणून जो सगळा खटाटोप केला तो दहा रुपयांच्या चकतीपाशी येऊन संपला.

हे माझं मुख्य म्हणणं आहे. लोकांना वाटतं वीज वाचवणं एक आणि दुरुस्ती दुसरं, दोन वेगवेगळे विषय. तसं नाहीये. जी वस्तू दुरुस्त होत नाही तिच्यावरचा लोकांचा विश्वास उडतो आणि मग तिने वाचवलेली वीज पण टिकत नाही. भंगाराचं पण तेच. भंगारवाला त्या पंख्यातली ॲल्युमिनियमची बॉडी घेतो, स्टेटर फोडून तांबं घेतो, पत्ती घेतो, आणि काळा ठोकळा माझ्या दारात ठेवून जातो. त्याला तो नको, कारण त्यात तांबं, कथिल, फायबर, प्लास्टिक सगळं रेझिनमध्ये एकजीव झालेलं, वेगळं करायचा खर्चच परवडत नाही. रिसायकलिंग रिसायकलिंग म्हणून कितीही ओरडलं तरी वस्तू सुटी होत नसेल तर रिसायकल काय होणार, कप्पाळ. वस्तू सुटी होणार की नाही हे भंगारवाल्याच्या हातात नसतं, गिऱ्हाइकाच्या तर नसतंच, ते ड्रॉइंग करणाऱ्या इंजिनिअरने गोंद घ्यायचा की स्क्रू घ्यायचा हे ठरवलं तेव्हाच ठरलेलं असतं.

कंपनीवाल्यांची बाजू पण ऐकलीय मी. एक सेल्स इंजिनिअर दुकानात आले होते, म्हणाले दमट हवा, धूळ, पंख्याची थरथर, मुंग्या, पाली, यांनी बोर्ड खराब होतो म्हणून रेझिन भरतो. मुंग्यांचं खरं आहे, मी स्वतः बोर्डवर भाजलेल्या मुंग्यांचा थर बघितलाय. पण ओलीपासून वाचवायला बोर्डावर पातळ कोटिंग मारतात, त्याच्यावरून सोल्डरिंग करता येतं, पार्ट बदलून परत कोटिंग मारता येतं. मुंग्या-पालींसाठी झाकणाला रबरी गॅस्केट लावा. थरथरीसाठी जड पार्टांच्या बुडाला दोन थेंब सिलिकॉन पुरतं. हे सगळं केल्यावर पण रेझिनच पाहिजे असेल तर निदान एमओव्ही, फ्यूज आणि फिल्टर कपॅसिटर एवढे तीन पार्ट बाहेर ठेवा, जे सगळ्यात आधी जाणार हे तुमच्या इंजिनिअरला आमच्यापेक्षा जास्त माहितीय.

असं डिझाइन आपल्याकडे जमत नाही असं कुणी म्हणू नये. घरातला मिक्सर उलटा करून बघा, बुडाला एक लाल बटण असतं, जास्त लोड आला की ते बाहेर येतं, दाबलं की मिक्सर परत सुरू. आणि भांड्याखाली जो कपलर असतो, रबराचा नाहीतर प्लास्टिकचा, भांडं अडकलं की दाते त्याचे जातात आणि मोटार वाचते. तीस-चाळीस रुपयांचा कपलर, जो कुणीही घरी बदलू शकतो. म्हणजे काहीतरी तुटणारच आहे तर स्वस्तातलं आणि हाताशी असलेलं तुटावं, असा विचार कुणीतरी केलेला आहे. पाणबुडी मोटार घ्या, बोअरमध्ये तीनशे-चारशे फूट खाली पाण्यात बुडलेली, तरी वर काढून उघडता येते, पीव्हीसी इन्सुलेशनची तार भरता येते, बुश बदलता येतात. उसाला पाणी द्यायचं असतं, शेतकरी थांबत नाही, रात्री मोटार आणली की सकाळी पाहिजे असते. अख्ख्या पश्चिम महाराष्ट्रातली शेती या रिवाइंडिंगवर उभी आहे म्हटलं तर फार चुकणार नाही. पाण्यात बुडणारी मोटार उघडता येते आणि छताला कोरड्यात लटकणारा पंखा उघडत नाही, हे मला तरी पटत नाही.

एलईडी बल्बची गोष्ट अजून गमतीची आहे. २०१५ मध्ये उजाला योजना आली, सरकारने ईईएसएल या सरकारी कंपनीमार्फत ठोक खरेदी करून ३६ कोटींच्या वर बल्ब वाटले, खरेदीचा भाव २०१४ मध्ये ३१० रुपये होता तो दोनेक वर्षांत ३८ वर आला. मोठं काम झालं, त्यात वाद नाही. पण बाजारातले स्वस्त बल्ब बघा, आत एका पत्र्यावर एलईडीचे दाणे एकामागे एक सिरीजमध्ये, एक दाणा जळला की अख्खा बल्ब बंद. दाणे कमी लावायचे म्हणजे पैसे वाचतात, मग उजेड पुरा पडावा म्हणून प्रत्येकातून करंट जास्त सोडायचा, मग ते तापणार आणि जाणार. आता याच्या उलटं दुबईने केलं. २०१६ मध्ये दुबई महापालिकेने फिलिप्सकडून त्यांच्या शहरासाठी बल्ब बनवून घेतले, त्यात दाणे जास्त आणि प्रत्येकाला करंट कमी, त्यामुळे एका वॅटला २०० ल्युमेन (ल्युमेन हे उजेडाचं माप) उजेड आणि बल्ब थंड, म्हणून टिकतो पण जास्त. त्यात कुठलं रॉकेट सायन्स नाही, आपल्याकडचा कुठलाही डिप्लोमावाला इंजिनिअर हे करेल. ठोक घेणाऱ्याने आधी सांगितलं की मला असं पाहिजे, आणि कंपनीने केलं.

म्हणूनच मला वाटतं की आपण सारखं गिऱ्हाइकाला उपदेश करतो, जपून वापरा, फेकू नका, कापडी पिशवी न्या, ते सगळं ठीक आहे पण खरी किल्ली सरकारच्या खरेदीत आणि लेबलात आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये एक कोटी बीएलडीसी पंख्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर झालाय. ईईएसएलच्या टेंडरमध्ये वॅट आणि हवा किती ते असतंच, त्याच्या जोडीला चार ओळी घाला ना. बोर्ड साध्या स्क्रू ड्रायव्हरने निघाला पाहिजे. मोटारकडे जाणाऱ्या तीन तारांचा कनेक्टर सगळ्या कंपन्यांचा एकसारखा पाहिजे. बोर्ड मॉडेल बंद झाल्यावर पण दहा वर्षं मिळाला पाहिजे आणि त्याची किंमत टेंडरमध्येच लिहून घ्या. सर्किटचं डायग्राम वेबसाइटवर टाका. झेडपीच्या शाळा, सरकारी दवाखाने, एसटी स्टँड, सगळीकडे हेच पंखे लागणार आहेत, आणि शाळेतला पंखा बंद पडला तर हेडमास्तर कस्टमर केअरच्या मागे किती लागणार, तो पंखा तसाच लटकत राहतो, खाली पोरं घामाघूम.

दहा वर्षं म्हटलं की लोक हसतात. पण युरोपात मार्च २०२१ पासून वॉशिंग मशीनचे ठरावीक पार्ट शेवटचं मशीन बाजारात आल्यानंतर दहा वर्षं द्यावे लागतात आणि ते नेहमीच्या हत्यारांनी बदलता आले पाहिजेत असा नियमच आहे. मोबाइलला पण जून २०२५ पासून मॉडेलची विक्री बंद झाल्यावर सात वर्षं पार्ट. आपल्याकडे विकणाऱ्या बऱ्याच कंपन्या तिथे पण विकतात, तिथे मुकाट्याने करतात.

आपलं सरकार काहीच करत नाही असं नाही. जुलै २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने राइट टू रिपेअर, म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी कमिटी नेमली, शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि गाड्या असे चार विषय घेतले, डिसेंबरमध्ये पोर्टल पण काढलं. पोर्टलवर कंपन्यांचे सर्व्हिस सेंटर, मॅन्युअल वगैरे एका जागी आहे, बरंय. मग सप्टेंबर २०२४ मध्ये रिपेअरेबिलिटी इंडेक्ससाठी, म्हणजे वस्तू किती सहज दुरुस्त होते याचे मार्क ठरवायला दुसरी कमिटी, तिचा रिपोर्ट मे २०२५ मध्ये आला, त्यात वस्तू उघडायला किती पायऱ्या, कुठली हत्यारं, कुठले स्क्रू, पार्ट किती दिवसांत, माहिती देता का, सॉफ्टवेअर अपडेट, अशा सहा गोष्टींवर मार्क द्यायचे म्हणतात. यादी ज्याने केली त्याला विषय कळलाय. पण सुरुवात मोबाइल आणि टॅबलेटपासून, आणि मार्क कंपनीने स्वतःच स्वतःला द्यायचे. परीक्षा देणाऱ्यानेच पेपर तपासायचा, मग काय, सगळे डिस्टिंक्शनमध्ये. दुसरं म्हणजे त्या सहात पार्टच्या किमतीचा वेगळा रकाना मला दिसला नाही. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून असा दहापैकी मार्कांचा इंडेक्स लावला, त्यात किमतीचा रकाना आहे, पार्टची किंमत वस्तूच्या किमतीच्या ३० टक्क्यांच्या वर गेली की तिथे शून्य. तो रकाना नसेल तर बाकीचे सगळे मार्क वाया. बोर्ड मिळतो, दोन दिवसांत मिळतो, दोन स्क्रूत निघतो, पण अर्ध्या पंख्याच्या किमतीत मिळतो, तर तो कोण घेणार?

ई-वेस्टचे २०२२ चे नियम आहेत, एप्रिल २०२३ पासून लागू झाले, १०६ प्रकारच्या वस्तू त्यात आल्या. त्याचा सगळा हिशोब मात्र टनावर. कंपनीने रजिस्टर्ड रिसायकलरकडून एवढा कचरा रिसायकल झाल्याचं सर्टिफिकेट घेतलं की तिचं टार्गेट झालं. मी एक पंखा दुरुस्त करून अजून दहा वर्षं चालवला तर तो कचऱ्याच्या हिशोबात येतच नाही, कारण कचरा झालाच नाही. जुनी वस्तू दुरुस्त करून परत वापरात आणणाऱ्याला, रिफर्बिशरला, नियमात जागा आहे, पण ती पोर्टलवर रजिस्टर होऊन रिटर्न भरणाऱ्यांना. आमच्या पेठेतल्या दहा बाय बाराच्या दुकानाला ते कसं जमायचं?

एक गोष्ट माझ्या धंद्यातल्या लोकांबद्दल पण. आमच्यातले बरेच जण बोर्ड म्हटलं की हात वर करतात, ते बरोबर नाही. वाइंडिंग येतं म्हणून बोर्ड येत नाही, आणि अर्धवट माहितीने बोर्ड उघडणं धोक्याचं पण आहे, फिल्टर कपॅसिटरमध्ये स्विच बंद केल्यावर सुद्धा तीनशे व्होल्टच्या वर डीसी साठून राहू शकतो, झटका बसला तर शिडीवरून खाली. कंपन्या सेफ्टीचं कारण सांगतात ते या बाबतीत अगदीच खोटं नाही. पण त्यावर उपाय बोर्ड गाडून टाकणं हा नाही, शिकवणं हा आहे. आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन आणि वायरमन पोरांना बीएलडीसीचा बोर्ड हातात देऊन शिकवा, आमच्यासारख्या जुन्यांसाठी रविवारी वर्ग घ्या, फी भरून येऊ. बाजार आपली वाट काढतोच आहे, मुंबईच्या लोहार चाळीत, पुण्याच्या तपकीर गल्लीत कुठल्याही कंपनीच्या पंख्याला बसणारे युनिव्हर्सल बोर्ड आता मिळायला लागलेत, रिमोटसकट. काही पंख्यांना छान बसतात, काहींना मोटारचा हिशोब जुळत नाही, झटके खात फिरतो नाहीतर वॅट वाढतात. म्हणजे ५ स्टारच्या पंख्यात कसलातरी बोर्ड बसवून आम्ही चालवतो आणि वर स्टीकर ५ स्टारचंच. कनेक्टर आणि मोटारची माहिती खुली असती तर हाच युनिव्हर्सल बोर्ड नीट बनला असता.

तेव्हा स्टार देणाऱ्या ब्युरोने पुढच्या वेळी पंख्याचे स्टार ठरवताना बोर्ड उघडतो की नाही, पार्ट किती वर्षं आणि कितीला, हे त्याच लेबलवर छापावं. वेगळा क्यूआर कोड नको, दुकानात स्कॅन करत कोण बसतंय. आणि उघडतो की नाही हे तपासायला कंपनीच्या लॅबमधला माणूस नको, तालुक्याच्या गावातला कुठलाही इलेक्ट्रिशियन बोलवा, त्याच्या पिशवीत जी हत्यारं असतील तेवढ्यावर त्याला बोर्ड बदलता आला तर मार्क द्या.

आपल्या पेपरला पण एक विनंती आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर तुम्ही पंख्यांची, कूलरची तुलना छापता, किंमत, वॅट, स्टार, वॉरंटी असा तक्ता असतो. त्यात दोन रकाने वाढवा, वॉरंटी संपल्यावर पीसीबी कितीला, आणि किती वर्षं मिळणार. कंपन्यांना विचारा, आणि ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांच्या रकान्यात 'उत्तर आलं नाही' असं छापा.

कळावे,
आपला एक वाचक,
मोटार रिवाइंडिंगवाला, कराड